ओरखड्यांसकट: वापरलेलं डायव्ह वॉच पारखण्याची आणि रोज हातावर वागवण्याची रीत

माझ्या घड्याळाच्या क्लास्पवर, म्हणजे पट्टा बंद करायच्या खटक्यावर, एक लांब, तिरका ओरखडा आहे. तो माझा नाही, माझ्या आधीच्या मालकाचा. घड्याळ घेतलं तेव्हा तो डोळ्यांत सलायचा. आठवडाभरात दाराच्या कडीला घासून त्याच्या शेजारी माझा ओरखडा उमटला आणि मला काहीच वाटलं नाही. कोरं घड्याळ घेणाऱ्याला इतकी मोकळीक मिळायला वर्ष-दोन वर्षं जातात. तोवर बिचारा बाही वर-खाली करत, हात अंगाशी धरून चालत असतो.

म्हणून रोज घालण्यासाठी वापरलेलं डायव्ह वॉच, म्हणजे पाणबुड्यांसाठी घडवलेलं घड्याळ, घेणाऱ्याला मी एकच सांगतो: निष्कलंक घड्याळाच्या मागे लागू नका, प्रामाणिक घड्याळ शोधा. प्रामाणिक म्हणजे ज्याची झीज त्याच्या वयाला शोभते, ती कुणी घासूनपुसून लपवलेली नाही, आणि ज्या कामासाठी ते जन्माला आलं ते काम, म्हणजे पाणी बाहेर ठेवणं, त्याला अजून जमतं. पुढचं सगळं हे ओळखायचं कसं आणि ओळखल्यावर वापरायचं कसं याबद्दल.

आधी पिढी ठरवा, मॉडेल नंतर

बहुतेकांची सुरुवात नावापासून होते. रोलेक्सचं सबमरीनर की ओमेगाचं सीमास्टर, ट्यूडरचं ब्लॅक बे की ब्लॉंपॅंचं फिफ्टी फॅदम्स. पण रोजच्या वापरात नावापेक्षा घड्याळ कुठल्या काळातलं आहे याचा फरक जास्त पडतो.

या घड्याळांचं रूप ठरलं १९५३ च्या आसपास. ब्लॉंपॅं कंपनीचे प्रमुख ज्याँ-जाक फिश्टेर स्वतः पाण्याखाली उतरणारे होते. फ्रेंच लष्करातल्या पाणसैनिकांची तुकडी उभी करणारे रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो हेही आपल्या माणसांसाठी घड्याळ शोधत होते. त्यातून फिफ्टी फॅदम्स आलं. पन्नास फॅदम म्हणजे ९१ मीटरांहून थोडं जास्त. त्याच सुमारास रोलेक्सचं सबमरीनरही आलं. काळी तबकडी, अंधारात चमकणाऱ्या जाड खुणा, काचेभोवती फिरणारं मिनिटांच्या खुणांचं कडं, म्हणजे बेझल, हा साचा तेव्हापासून फारसा बदललेला नाही. आतलं बांधकाम मात्र खूप बदललं.

१९७० च्या दशकापर्यंतच्या घड्याळांवर साधारणपणे ॲक्रिलिकची काच, पोकळ कड्यांचे हलके पट्टे आणि किरणोत्सारी चमकद्रव्य असतं. दिसायला ती फार देखणी असतात. माझा मात्र सल्ला असा की पहिलं आणि एकुलतं रोजचं घड्याळ म्हणून ती घेऊ नका. तबकडी खराब झाली तर तशीच दुसरी मिळणं कठीण, आणि पाण्यात उतरताना दरवेळी जीव टांगणीला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या तबकड्यांवर रेडियम असायचं. ते चमकायचं थांबतं, पण किरणोत्सार थांबत नाही, कारण त्याचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचं आहे. असं घड्याळ हौस म्हणून स्वतः उघडून बघू नये.

२०१० नंतरच्या पिढीत सिरॅमिकची बेझल, भक्कम पट्टे आणि चुंबकाला दाद न देणारी यंत्रणा आली. रोजच्या वापराला ही उत्तमच. यांतलं एखादं आवडलं तर मी अडवणार नाही.

माझा जीव मात्र मधल्या पिढीत अडकलेला आहे. साधारण १९८० ते २०१० ची घड्याळं: सफायर काच, बहुतेकांना ३०० मीटरपर्यंतची क्षमता, ॲल्युमिनियमचं बेझल-इन्सर्ट (बेझलवर बसवलेली खुणांची चकती), आणि कुठल्याही जाणत्या घड्याळजीला ठाऊक असलेली यंत्रं. रोलेक्स सबमरीनर १६६१० मधलं ३१३५ कॅलिबर, म्हणजे आतलं यंत्र, घ्या, किंवा १९९३ पासूनच्या सीमास्टर डायव्हर ३०० एम मालिकेतल्या २५३१.८० मधलं ११२० घ्या. दुसऱ्याचा पाया तर ईटीए या स्विस यंत्रनिर्मात्या कंपनीचं २८९२ हे सर्रास वापरलं गेलेलं यंत्र आहे. सुटे भाग आणि दुरुस्त करणारे हात या दोन्हींची चणचण पडत नाही. शिवाय या काळातली घड्याळं अंगानं सडपातळ. पुढच्या पिढीत लग्ज, म्हणजे पट्टा जिथं अडकतो ते पाय, रुंद झाले, खांदे भरले. काहींना ते आवडतं, मला नाही.

नाकापेक्षा मोती जड

घड्याळ ४० मिलिमीटरचं की ४२ चं, यावर माणसं तासन्‌तास वाद घालतात. मनगटावर खरं भारी पडतं ते दुसरंच माप: वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतचं अंतर. लग हे केसचे, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाचे, पाय. हे अंतर मनगटाच्या सपाट भागापेक्षा जास्त झालं की लग्ज हवेत तरंगतात आणि घड्याळ दिवसभर इकडून तिकडे कलंडत राहतं. मनगट टेबलावर ठेवा, वरचा सपाट भाग पट्टीनं मोजा आणि मग घड्याळ बघा.

दुसरी गोष्ट जाडी. तेरा मिलिमीटरच्या आतलं घड्याळ शर्टाच्या बाहीखाली सहज सरकतं, पंधराच्या पुढचं अडकतं. तिसरी वजन. पोलादी पट्ट्यासकट ही घड्याळं सव्वाशे-दीडशे ग्रॅमच्या घरात जातात. दुकानात पाच मिनिटं घालून ते कळत नाही. शक्य असेल तर अर्धा तास हातावर ठेवा आणि तेवढ्या वेळात टाइप करा, खिशात हात घाला, बॅग उचला. वजन नकोसंच वाटलं तर टायटॅनियमचा पर्याय आहे. २०१२ मध्ये आलेलं ट्यूडरचं पेलागोस ५०० मीटरचं असूनही हातावर हलकं वाटतं.

केस: पॉलिशनं काय नेलं ते बघा

हाताशी दहापट भिंग ठेवा आणि खिडकीजवळ उभे राहा. डोक्यावरच्या झगझगीत दिव्याखाली सगळीच घड्याळं नवी दिसतात.

केसवर दोन प्रकारचे पृष्ठभाग असतात. लग्जच्या वरच्या बाजूवर बारीक समांतर रेघांचा ब्रश केलेला भाग, आणि कडेला आरशासारखा चकचकीत भाग. हे दोन जिथं भेटतात ती रेघ सुरीच्या पात्यासारखी स्पष्ट असायला हवी. ती गोलसर, साबणाच्या वडीसारखी झाली असेल तर घड्याळ यंत्राच्या चाकावर वारंवार घासलं गेलंय. मग चारही लग्ज वरून बघा. एक जाड आणि शेजारचा बारीक, असं असेल तर घासणाऱ्याचा हात घाईत होता. लग्जना आरपार छिद्रं असतील, तर केसच्या कडेपासून प्रत्येक छिद्राचं अंतर ताडून बघा. छिद्र कडेला टेकत आलं असेल तर बरंच पोलाद गेलेलं आहे.

गेलेलं पोलाद सहज परत येत नाही. लेझर वेल्डिंगनं भर घालता येते, पण ते कसबी आणि खर्चीक काम आहे. म्हणूनच दोन घड्याळं समोर आली, एक आरशासारखं लखलखीत पण कडा बोथट झालेलं, आणि दुसरं ओरखड्यांनी भरलेलं पण कडा शाबूत असलेलं, तर डोळे मिटून दुसरं उचला. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. मीही एकदा फसलोय. विकणाऱ्यानं ‘नव्यासारखं’ म्हटलं आणि मला त्यातलं ‘सारखं’ ऐकूच आलं नाही. घरी आणून शेजारी तेच मॉडेल ठेवल्यावर कळलं की माझ्या घड्याळाचे लग्ज जवळजवळ अर्धा मिलिमीटर बारीक आहेत.

खोल खड्डे मात्र वेगळ्या नजरेनं बघा. बेझलच्या कडेला किंवा क्राउन-गार्डवर (चावी द्यायच्या गुंडीला, म्हणजे क्राउनला, जपणाऱ्या उंचवट्यांवर) मोठा टोचा असेल तर घड्याळ कुठंतरी जोरात आपटलंय आणि त्याचा धक्का आतपर्यंत गेला असू शकतो. केसच्या मागच्या झाकणाखाली, गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, बसते त्या खोबणीत गंजाचे खळगे असतील तर तो सगळ्यात वाईट डाग. बाहेरून तो दिसत नाही, पण पाणी तिथूनच शिरतं. घड्याळजीकडून झाकण उघडून घ्याल तेव्हा हे आठवणीनं बघायला सांगा.

तबकडी आणि टॉर्चची परीक्षा

जुन्या डायव्ह वॉचमध्ये सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे तबकडी, आणि सगळ्यात जास्त लबाडी तिथंच होते. तबकडीच्या तळाशी, सहाच्या खुणेजवळ, बारीक अक्षरं असतात. ‘स्विस – टी<२५’ असं असेल तर चमकद्रव्य ट्रिटियमचं आणि त्याचा किरणोत्सार २५ मिलिक्युरीच्या आत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बहुतेक कंपन्यांनी ट्रिटियम सोडून ल्युमिनोव्हा आणि पुढं सुपर-ल्युमिनोव्हा घेतलं. या नव्या द्रव्यांत किरणोत्सार नाही. उजेड शोषायचा आणि अंधारात तो सोडायचा, एवढंच त्यांचं काम.

ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. म्हणजे सुमारे ३७ वर्षांत मूळच्या चमकेचा आठवा हिस्सा उरतो, आणि ट्रिटियमचे किरण आदळले की चमकणारं द्रव्य, म्हणजे फॉस्फर, तेही थकलेलं असतं. त्यामुळे खऱ्या जुन्या ट्रिटियमवर अतिनील टॉर्च मारला की ते क्षणभर उजळतं आणि टॉर्च विझताच मावळतं. तबकडीवर ‘टी<२५’ लिहिलेलं असूनही खुणा अंधारात बराच वेळ हिरव्यागार चमकत राहिल्या, तर कुणीतरी नवं द्रव्य भरलंय. रोजच्या वापराला ते सोयीचं ठरेलही, पण मग ते घड्याळ ‘मूळ स्थितीतलं’ म्हणून विकत घेऊ नका.

काटे आणि तबकडी यांचा रंग जुळतो का? तबकडीवरचे ठिपके मलईसारखे पिवळसर आणि काटे पांढरेफटक असतील, तर काटे बदललेले आहेत. सर्व्हिसमध्ये कंपनीनंच बदलले असतील तर तो गुन्हा नाही, फक्त विकणाऱ्यानं ते आधी सांगायला हवं. छपाईही भिंगाखाली बघा. अस्सल तबकडीवरची अक्षरं किंचित उठावदार आणि कडांना स्वच्छ असतात. नकलेची शाई बहुधा कडेला पसरलेली किंवा पातळ दिसते.

हे सगळं तपासता तपासता एखादा क्षण नुसतं बघा. भिंगातून मिनिटकाट्याचं टोक बघा, तारीख खिडकीच्या बरोबर मध्ये बसलीय का ते बघा, चमकद्रव्याभोवतीची धातूची बारीक चौकट बघा. पुढं कधी मीटिंग लांबली तर तुमची नजर इथंच येऊन थांबणार आहे.

हातात घेऊन: क्राउन, बेझल, पट्टा

क्राउन उलटा फिरवून सोडा. आटे संपताच तो स्प्रिंगनं हलकेच बाहेर यायला हवा. परत बसवताना हलका दाब देत आधी उलट्या दिशेनं फिरवा, आटे एकमेकांत बसल्याची बारीक टक जाणवली की मग सुलट फिरवा. ही सवय घड्याळ घेतल्यावरही ठेवा, नाहीतर आटे वाकडे चढतात आणि क्राउनची नळी बदलावी लागते. बसवताना खरखर होत असेल, किंवा शेवटच्या फेरीत क्राउन घट्ट न होता नुसता फिरत राहत असेल, तर ती नळी झिजलेली आहे. दुरुस्ती फार मोठी नसते, पण ती होईपर्यंत पाण्याचं नाव काढू नका.

आता बेझल. सबमरीनरच्या आधुनिक पिढ्यांत ती एकाच दिशेनं, एका फेरीत १२० टकटकी देत फिरते. जुन्या सबमरीनरची बेझल दोन्ही बाजूंना फिरायची. एकाच दिशेची योजना पाणबुड्याच्या जिवासाठी आहे. पाण्याखाली धक्का लागून बेझल हलली, तरी ती गेलेला वेळ जास्तच दाखवते, कधी कमी नाही. टाकीत हवा असतानाच माणूस लवकर वर येतो. उशीर झाला असता तर वर आला नसता. बेझल सुटी, डगमगती नको, आणि तिचा त्रिकोण बाराच्या खुणेवर नेमका बसायला हवा. वाळू-मीठ साचून ती जड झाली असेल तर कोमट पाण्यात भिजवून अनेकदा मोकळी होते. अर्थात क्राउन घट्ट बंद करून, आणि पाण्याची चाचणी झाल्यावरच.

ॲल्युमिनियमचं इन्सर्ट उन्हात विटतं. काळं राखाडी होतं, निळं फिकट पडतं. संग्राहक अशा विटलेल्या इन्सर्टवर जीव टाकतात. मला तेही आवडतं आणि हेही ठाऊक आहे की हवं तर ते सहज बदलता येतं. सिरॅमिक विटत नाही, त्यावर ओरखडाही सहसा उमटत नाही, पण कठीण फरशीवर आपटलं तर तडकतं.

पट्ट्याची झीज बघायला घड्याळ आडवं धरा, सहाची बाजू भिंतीकडे. नवा पट्टा बराचसा सरळ राहतो, झिजलेला फुलांच्या माळेसारखा खाली लोंबतो. कड्या ताणल्या गेल्या असं म्हणतात, पण पोलाद काही ताणलं जात नाही. आतल्या पिना आणि त्यांची छिद्रं झिजतात. जास्तीच्या कड्या मिळतात का ते विचारा. मूळ कड्या पुढं शोधत फिरणं हा डोक्याला ताप.

आतलं यंत्र

टाइमग्राफर नावाचं छोटं यंत्र घड्याळाची टिकटिक ऐकून तीन आकडे सांगतं. विकणाऱ्याकडे ते नसेल तर घड्याळजीकडे असतंच. पहिला आकडा दर, म्हणजे दिवसाला किती सेकंद पुढं-मागं. अचूकता तपासणाऱ्या स्वित्झर्लंडच्या सीओएससी संस्थेच्या प्रमाणपत्राची मर्यादा उणे ४ ते अधिक ६ सेकंद. रोलेक्सनं २०१५ पासून स्वतःसाठी अधिक-उणे २ ची मर्यादा घातली. पण वीस वर्षं वापरलेलं घड्याळ दिवसाला आठ सेकंद पुढं गेलं म्हणून ते वाईट ठरत नाही. ते जुळवून घेता येतं.

दुसरा आकडा, ॲम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स व्हील हे आतलं झुलणारं चाक किती अंशांत झोका घेतं. पूर्ण चावी दिलेल्या, तबकडी वर करून ठेवलेल्या निरोगी घड्याळात तो साधारण २७० ते ३१० अंशांच्या मध्ये असतो. २२० च्या खाली गेला की तेल सुकलंय, सर्व्हिसिंगचा खर्च धरून बोलणी करा. यात एक मेख आहे. टाइमग्राफरमध्ये लिफ्ट अँगल (दर टिकटिकीला बॅलन्स व्हील ज्या कोनातून ढकललं जातं तो) बरोबर भरलेला नसेल तर हा आकडा खोटा येतो. ३१३५ साठी तो ५२ अंश आहे. ओमेगाच्या को-ॲक्सियल २५०० या यंत्राला ३८ अंश लागतात, आणि त्याचा झोका मुळातच थोडा कमी असतो. तिसरा आकडा बीट एरर, म्हणजे डाव्या आणि उजव्या झोक्याला लागणाऱ्या वेळेतला फरक. तो अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास किंवा त्याखाली असला की झालं.

घड्याळ अचानक दिवसाला मिनिट-दोन मिनिटं पुढं जायला लागलं तर घाबरू नका. बहुतेक वेळा ते चुंबकानं पछाडलेलं असतं. टॅब्लेटचं झाकण, बॅगेचं बटण, स्पीकर. साधं होकायंत्र जवळ नेलं आणि सुई लटलटली तर शंका पक्की. डीमॅग्नेटायझरवर काही सेकंदांचं काम.

नंबर आणि कागद

डबा आणि कागद असले तर छान, पण कागद वेगळे विकत मिळतात हे विसरू नका. कागदावरचा अनुक्रमांक केसवरच्या क्रमांकाशी जुळायलाच हवा. जुन्या रोलेक्समध्ये तो सहाच्या बाजूला, दोन लग्जच्या मध्ये, पट्टा काढल्यावर दिसतो. पुढच्या पिढीत तो तबकडीभोवतीच्या आतल्या कड्यावर कोरलेला असतो. चोरीची घड्याळं नोंदवणारी ‘द वॉच रजिस्टर’सारखी सूची आहे, क्रमांक तिथं तपासता येतो. खात्रीच हवी असेल आणि त्यासाठी जास्त मोजायची तयारी असेल, तर रोलेक्सनं डिसेंबर २०२२ पासून अधिकृत विक्रेत्यांमार्फत वापरलेली, तपासलेली घड्याळं दोन वर्षांच्या हमीसह द्यायला सुरुवात केली आहे. माझ्या लेखी या सगळ्यापेक्षा जुनी सर्व्हिस-बिलं मोलाची. डबा कपाटात राहतो. बिलावर मात्र कुठला भाग कधी बदलला ते लिहिलेलं असतं.

पाणी: इथं घाई नको

तबकडीवर ३०० मीटर लिहिलंय, म्हणून घेतल्याच दिवशी पोहायला जाणारा माणूस मी पाहिलाय. संध्याकाळी काचेच्या आत दव जमलेलं त्यानं मला दाखवलं. लिहिलेला आकडा कारखान्यातून निघालेल्या दिवसाचा होता. त्यानंतर गॅस्केटची रबरी कडी कडक झाली, क्राउनचे आटे झिजले, कुणीतरी झाकण उघडून नीट बसवलं नाही. आकडा मात्र तबकडीवर तसाच.

डायव्ह वॉचसाठी आयएसओ ६४२५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार घड्याळ किमान १०० मीटरचं हवं, अंधारात २५ सेंटिमीटरवरून वाचता यायला हवं, आणि लिहिलेल्या दाबाच्या १२५ टक्के दाबाखाली तपासलेलं हवं. त्यातली दवाची चाचणी तर घरगुती वाटावी इतकी साधी: घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत गरम करायचं, काचेवर थंड पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटभरानं पुसायचा आणि काचेच्या आतून बाष्प दिसतं का ते बघायचं. ही तत्त्वं समजून घ्या, प्रयोग मात्र घड्याळजीला करू द्या.

त्याच्याकडे सहसा दोन प्रकारची यंत्रं असतात. कोरड्या चाचणीत हवेचा दाब देऊन किंवा हवा ओढून केस किती दबते-फुगते ते मोजतात. केस हललीच नाही, किंवा दबून हळूहळू पूर्ववत झाली, तर कुठंतरी गळती आहे. यात पाणी लागत नाही, म्हणून सुरुवात इथून. ओल्या चाचणीत घड्याळ आधी पाण्यावरच्या हवेत दाबाखाली ठेवतात, मग पाण्यात बुडवून दाब कमी करत नेतात. आत हवा शिरली असेल तर ती बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येते आणि गळती नेमकी कुठं आहे तेही दिसतं. घड्याळ घेतल्यावर पहिला खर्च हाच करा, आणि गॅस्केट नवी घालूनच करा. नंतर दरवर्षी, निदान पोहण्याचे दिवस सुरू होण्याआधी.

एक गैरसमज जाता जाता. पोहताना हात पाण्यावर आपटल्यानं दाब शेकडो मीटरांइतका वाढतो, असं ठासून सांगणारे भेटतात. गणित करून बघा. हात सेकंदाला दहा मीटर वेगानं गेला, जो पट्टीच्या जलतरणपटूलाही जमणार नाही, तरी वाढणारा दाब अर्धा बार. म्हणजे पाच मीटर खोलीइतका. हौशी डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर आहे, तिथं पाण्याचा दाब ४ बार भरतो. घड्याळाला खरा धोका खोलीचा नाही, न घट्ट केलेल्या क्राउनचा आणि उष्णतेचा आहे. सॉना, वाफेची खोली, गरम पाण्याचा टब आणि लगेच थंड पाणी, यांत रबर आणि पोलाद वेगवेगळ्या गतीनं फुगतात-आकसतात. साबणही गॅस्केटचा मित्र नाही. आंघोळीच्या वेळी घड्याळ काढून ठेवा.

आणि कधी आत दव दिसलंच, तर उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर लावू नका. त्याच दिवशी घड्याळजीकडे पोहोचवा. खारं पाणी असेल तर तासातासाचा फरक पडतो.

पहिले पंधरा दिवस

घड्याळ बंद असेल तर क्राउन उघडून तीस-चाळीस वेळा चावी द्या. नुसतं हलवून सुरू करू नका, हलवल्यानं स्प्रिंग पुरेशी भरत नाही. रोज एकाच वेळी मोबाइलच्या घड्याळाशी ताडून फरक लिहून ठेवा. रात्री ठेवण्याची पद्धत बदलून बघा: तबकडी वर, क्राउन वर, क्राउन खाली. एका स्थितीत ते थोडं पुढं जातं, दुसऱ्यात मागं पडतं. दिवसभरात चार सेकंद पुढं गेलेलं घड्याळ रात्री योग्य कुशीवर झोपवलं तर सकाळी बरोबर येतं. हा खेळ मला फार आवडतो.

तारीख हातानं बदलायची तर साधारण रात्री नऊ ते पहाटे तीन हा काळ टाळा. त्या वेळी तारखेचे दाते एकमेकांत अडकलेले असतात. रात्र की दिवस कळत नसेल तर काटे फिरवून आधी सकाळचे सहा करा.

पट्ट्याची सैल-घट्ट जागा याच दिवसांत शोधायची. उकाड्यात मनगट फुगतं, थंडीत आकसतं. क्लास्पच्या कडेची छिद्रं त्याचसाठी आहेत. स्प्रिंग बार, म्हणजे पट्टा धरून ठेवणारी स्प्रिंगची बारीक दांडी, स्वतः सरकवायचा असेल तर आधी लग्जच्या आतल्या बाजूला टेप चिकटवा. लग्जमागचे वेडेवाकडे ओरखडे बहुधा अशाच एखाद्या उत्साही मालकाचे असतात.

बेझल वापरा हो

इतकी मेहनत घेऊन बनवलेली बेझल आणि माणसं ती कधी फिरवतच नाहीत. गाडी लावली की त्रिकोण मिनिटकाट्यावर आणा, किती वेळ झाला ते एका नजरेत कळतं. उलटी मोजणी हवी असेल तर त्रिकोण तितकी मिनिटं पुढं ठेवा. ओव्हनसाठी पंचवीस मिनिटं हवीत, तर काट्याच्या पंचवीस मिनिटं पुढं. काटा त्रिकोणाला भेटला की वेळ झाली. दुसऱ्या देशातली वेळही निघते. तिथं तीन तास पुढं असतील तर त्रिकोण नऊच्या खुणेवर न्या आणि तासकाटा बेझलवर वाचा, दर पाच मिनिटांना एक तास धरून. इथं बारा वाजले की काटा १५ वर, म्हणजे तिथं तीन. मोबाइलमध्ये हे सगळं आहे, मान्य. पण मोबाइल उघडला की त्यात आणखीही बरंच काही असतं.

समुद्राच्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याखाली धरा, बेझल दोन फेऱ्या फिरवा. आठवड्यातून एकदा मऊ ब्रशनं पट्ट्याच्या कड्यांतला काळा चिखल काढा. तो चिखलच पिनांना पॉलिशपेपरसारखा खातो.

सर्व्हिसिंगला देताना

रोलेक्स साधारण दहा वर्षांनी आणि ओमेगा पाच ते आठ वर्षांनी सर्व्हिस सुचवतात. आकड्यापेक्षा लक्षणांवर जा: ॲम्प्लिट्यूड घसरला, रात्रभरात बंद पडायला लागलं, चावी देताना कुरकुर आली, तर वेळ झाली.

घड्याळ देताना पावतीवर दोन ओळी लिहून घ्या आणि समोरच्याची सही घ्या. पहिली: केस आणि पट्टा पॉलिश करू नये. दुसरी: बदललेले सर्व भाग परत द्यावेत. तोंडी सांगून भागत नाही. काउंटरवरचा माणूस मान डोलावतो, आतल्या टेबलावरच्या माणसापर्यंत ती मान पोहोचत नाही. तबकडी, काटे किंवा इन्सर्ट बदलायची गरज पडलीच, तर आधी फोन करायला सांगा. परत आलेले जुने भाग छोट्या पुडीत घालून, वर तारीख लिहून, बिलासोबत ठेवा. गेल्या खेपेला माझ्या पुडीत दोन गॅस्केट, एक क्राउन-नळी आणि एक वाकलेला स्प्रिंग बार आला. क्लास्पवरचे दोन्ही ओरखडे जागच्या जागी होते.